मुसळ लांब, हात आखूड

शुद्धलेखन माझं कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. चुका दिसतील त्या पोटात घाला, गोष्ट तेवढी घ्या.

“बाबा, देवाच्या घरात हसणं पाप आहे की नाही? तेवढंच सांगा.”

रावजीबाबा ओसरीवर बसून उखळात बाजरी कांडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“आधी सावलीत ये.”

“मी बसायला आलो नाही.”

“बस कुठं म्हटलं? उन्हातून वर ये म्हटलं.”

हनोख ओसरी चढला आणि खांबाला टेकून उभा राहिला. पिंपरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत तो नवा प्रचारक म्हणून आला होता. पाळकांच्या शाळेत त्याचा पहिला नंबर होता. वचनं तोंडपाठ, आवाज खणखणीत, आणि सदऱ्याला इस्त्री अशी, की माशी बसली तर घसरावी.

रावजीबाबांनी जन्मभर त्याच मंडळीची पाळकी केली होती. आता गुडघे गेले, चर्चला जाणं सुटलं. गावाबाहेरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे, आपलं आपण शिजवून खायचे. तरी मंडळीचे पंच त्यांच्या होकाराशिवाय पान हलवत नसत.

त्या होकारासाठीच हनोख आला होता.

“प्रभू रडला, असं शास्त्रात लिहिलंय,” तो म्हणाला. “हसला असं कुठं लिहिलंय? दाखवा मला.”

“नाही रे लिहिलेलं.”

“मग?”

“तो शिंकला, असं तरी कुठं लिहिलंय?”

हनोखने सदऱ्याची बाही सारखी केली.

“रोजचं कोण लिहून ठेवतं?” बाबा म्हणाले. “रडला, तो दिवस लोकांच्या ध्यानात राहिला...”

मुसळ वर गेलं, खाली आलं. बाजरीचा कोंडा उडून बाबांच्या भुवयांवर बसला होता.

हनोखला वाटलं, म्हातारा विषय टाळतोय. पण ते वाक्य त्याच्या मनात कुसासारखं रुतून राहिलं. रोजचं कोण लिहून ठेवतं?

“झालं काय ते तर सांग,” बाबा म्हणाले.

“कापणीच्या सणाची उपासना होती. लोकांनी वांगी, भोपळे, अंडी, कणसं, काय काय आणून मेजापुढे मांडलं होतं. मी उपदेशाला उभा राहिलो.”

“कशावर बोललास?”

“कोंबडा दोनदा आरवायच्या आत शिष्य पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, त्यावर.”

“कापणीच्या सणाला?”

“माझी तयारी त्याच्यावर झाली होती.”

“बरं.”

“दीनामावशीने अर्पणाला कोंबडा आणला होता. मेजाच्या पायाला बांधला होता.”

बाबांचा हात आता थांबला.

“पेत्राचा उपदेश... आणि मेजाला कोंबडा?”

“माझं लक्ष नव्हतं तिकडे.”

“नसणारच. पुढं?”

“पुढं काय? मी बोलत होतो, आणि तो आरवला.”

“कुठल्या वाक्याला?”

“त्याला काय महत्त्व?”

“मला कळू दे की.”

हनोखने मान वळवून बाहेर बघितलं. अंगणात एक शेळी बाभळीच्या शेंगा खात होती.

“मी म्हटलं... पेत्राच्या जागी मी असतो तर मेलो असतो, पण प्रभूला ओळखत नाही असं म्हटलं नसतं.”

“आणि?”

“...आरवला.”

बाबांनी तोंडाला धोतराचा सोगा लावला. त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ हलत होते.

“किती वेळा?” त्यांनी सोग्याआडून विचारलं.

“काय किती वेळा?”

“आरवला किती वेळा?”

“बाबा, तुम्ही चेष्टा करताय.”

“छे. शास्त्राला धरून विचारतोय.”

हनोखचे कान लाल झाले.

“दोनदा.”

यावर बाबा पार वाकले. डोळ्यांतून पाणी काढून त्यांनी नाक पुसलं, घसा साफ केला आणि फार कष्टाने चेहरा सरळ केला.

“पोरं आता मला बघून आरवतात,” हनोख म्हणाला. “मी आठ दिवस उपास धरून तो उपदेश लिहिला होता, बाबा. वाटलं होतं, एखादं माणूस तरी त्या दिवशी रडेल. पश्चात्ताप करील. आणि सगळी मंडळी बाकावर लोळत होती!”

आता बाबा हसत नव्हते.

“पहिलं कोण हसलं?”

“दीनामावशी. तिचं बघून सगळे. मी तिला तिथंच उभं केलं आणि म्हटलं, ही तमाशाची कनात नाही. बाहेर जा.”

“गेली?”

“गेली. कोंबडा सोडला, काखेत घेतला आणि गेली.”

“म्हणजे देवाला दिलेलं परत गेलं...”

कोंबड्याबद्दल हनोखने असा विचार केला नव्हता.

“येत्या रविवारी प्रभुभोजन आहे,” तो जरा वेळाने म्हणाला. “मी पंचांना सांगितलंय, माफी मागितल्याशिवाय प्रभूची भाकर घ्यायला मेजाजवळ यायचं नाही. तीही सगळ्यांसमोर मागायची. एकदा सैल सोडलं की संपलं. पंच म्हणाले, रावजीबाबांचा हो आण. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“दीना भाकरीवाचून राहील रे एक वेळ. प्रभुभोजनावाचून राहायची नाही.”

“म्हणून तर माफी मागेल.”

बाबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. मग एक हात भिंतीला लावून, गुडघ्यांना शिव्या देत, ते हळूहळू उभे राहिले.

“हो म्हणतो. पण आधी थांब. तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय.”

“कुठं? काही नाही गेलं.”

“आहे. बारीक आहे. कुसळ असंल. काढून देतो.”

असं म्हणून बाबांनी उखळातलं मुसळ उचललं, त्याचं एक टोक स्वतःच्या डोळ्याला लावलं, एका हाताने ते तसंच धरलं, आणि दुसऱ्या हाताची चिमूट पुढे करून ते हनोखकडे निघाले.

“बाबा! हे काय?”

“हलू नको. बारीक काम आहे.”

मुसळाचं पुढचं टोक हनोखच्या छातीवर आलं. तो मागे सरला. बाबा पुढे सरकले. चिमूट हवेतच राहिली. मुसळ लांब, हात आखूड.

“जवळ ये की.”

“कसा येऊ? मधे ते—”

“मधे काय?”

“मुसळ!”

“कुठलं मुसळ? मला तर स्वच्छ दिसतंय.”

बाबा डावीकडे वळले. मुसळाने शिंक्याला ढोसलं, शिंक्यातलं ताकाचं मडकं झुललं आणि हनोखच्या इस्त्रीवर ताक सांडलं. बाबा उजवीकडे वळले. खुंटीवरची टोपी उडून शेळीपुढे पडली. शेळीने ती हुंगली आणि पुन्हा शेंगा खायला लागली.

“तोंड धुतलंस का रे सकाळी?” बाबा एका डोळ्याने, अगदी काळजीने विचारत होते. “भलतंच बारीक कुसळ आहे. हातालाच लागंना.”

बाबांच्या भुवईवर कोंडा, डोळ्यावर मुसळ, आणि तोंडावर ऑपरेशनला उभ्या राहिलेल्या डॉक्टरासारखं गांभीर्य.

हनोखच्या पोटातून काहीतरी उसळून आलं. ते दाबायला त्याने ओठ चावले. नाकातून आवाज निघाला. मग मात्र बांध फुटला. तो खांबाला धरून हसला, खाली बसून हसला, कांडलेल्या बाजरीत हात गेला तरी हसत राहिला.

आणि एकदम थांबला.

“बाबा...”

“काय?”

“हे तर प्रभूचं वचन आहे. कुसळ आणि मुसळ.”

“आहे खरं.”

“मी वचनाला हसलो.”

“हं.”

“हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. बक्षीस मिळालंय मला यावर.”

“आणि कधी हसू आलं नाही?”

“नाही.”

“मग ऐकलं नव्हतंस,” बाबा म्हणाले.

त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं आणि ते दमून खाली बसले. डोळ्याभोवती मुसळाच्या टोकाचा गोल वळ उठला होता.

हनोख ताकाने भिजलेला सदरा पिळत होता. प्रभूने ज्यांना हे वचन सांगितलं, ती डोंगरावरची गर्दी त्याच्या डोळ्यांपुढे आली. कोळी, भाजीवाल्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा? कुणी पाठ केलेलं नव्हतं. कुणाला बक्षीस नव्हतं.

“ते लोक हसले असतील का हो?”

“प्रभू सुताराच्या घरचा पोर,” बाबा म्हणाले. “लाकूड केवढं असतं, ते त्याला ठाऊक होतं.”

मग हनोखला दुसरंच काही आठवलं.

“पण बाबा, शिपायांनी त्याला काट्यांचा मुकुट घातला, पुढे गुडघे टेकले. तेही हसतच होते.”

“हसत होते.”

“मग दीनामावशीचं हसणं त्यातलं की यातलं?”

“मला काय ठाऊक? मी तिथं नव्हतो. तिला विचार.”

“मी? आता कोणत्या तोंडाने?”

“कालवर ज्या तोंडाने बोललास, त्याच. दुसरं कुठून आणशील?”

हनोख उठला. पायरीपर्यंत गेला आणि परत फिरला.

“आणि प्रभुभोजनाचं? तुम्ही हो म्हणाला होता.”

“म्हणालोच. शब्द फिरवत नाही मी. ज्याने माफी मागायची, त्याने ती मागितल्याशिवाय मेजाजवळ यायचं नाही.”

हनोख तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

“...सगळ्यांसमोर?”

“तूच म्हणालास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हनोख दीनामावशीच्या दारात गेला. ती अंगण सारवत होती. तिने मान वर केली, त्याला पाहिलं आणि पुन्हा शेणात हात घातला.

“या मास्तर. बाहेर घातलेल्या बाईच्या दारात कसं काय येणं केलं?”

हनोखने वाटेत चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही जाग्यावर नव्हतं.

“मावशी, चुकलं माझं. रविवारी सगळ्यांसमोर म्हणणार आहे. पण त्याआधी इथं म्हणायचं होतं.”

दीनामावशी सारवत राहिली.

“आणि एक विचारायचंय. रागाने नाही विचारत. खरंच कळत नाही म्हणून विचारतोय. तुम्ही का हसलात?”

तिचा हात थांबला. तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले.

“तुमच्यावर न्हाई हसले.”

“मग?”

“मला त्या पेत्राची लई कीव येत व्हती. तुम्ही असं बोलत व्हता, जसा काय दुनियेत तेवढा एकच पळपुटा. प्रभूला धरून नेल्यावर बिचारा एकटाच उभा त्या शेकोटीपाशी. आन् मग कोंबडा आरवला. मला वाटलं, चला, आपलं मास्तरबी त्याच्या शेजारी जाऊन बसलं. मीबी तिथंच की. मग लई बरं वाटलं बघा. म्हणून हसू आलं.”

हनोख ओल्या सारवणात पाय देऊन उभा होता, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

“पाय उचला मास्तर. ठसा उमटला.”

त्याने पाय उचलला. दुसरा पाय पडला. दुसरा ठसा उमटला. मावशीने तोंडावर पदर घेतला.

“रविवारी याल ना?” त्याने विचारलं.

“येईन की. पण तुम्ही उभं राहून काही बोलायला लागलात, आन् मला परत हसू आलं तर? माझ्या हातात नसतं ते.”

“विचारून सांगतो,” हनोख म्हणाला आणि शेणाच्या पायांनीच निघाला, तो थेट बाबांच्या ओसरीवर जाऊन थांबला. बाबा बाजरी पाखडत होते. हनोखने धापा टाकत सगळं सांगितलं. पेत्राचं, शेजारी बसण्याचं, पावलांचं. आणि शेवटी मावशीचा प्रश्न.

“तिला काय सांगू?”

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“रविवारी मला न्यायला बैलगाडी आण,” ते म्हणाले. “आणि दीनाला म्हणावं, माझ्यासाठी शेजारी जागा धर.”