स्टिक मध्यावर

“मग माझं नेमकं चुकतंय कुठे, सर?”

ऋजुताने टोपी गवतावर आपटली.

रोहेकर सर बिनइंजिनाच्या ग्लायडरशेजारच्या बाभळीच्या सावलीत बसून शेंगा सोलत होते. माळावरच्या त्या क्लबात लोकांना उडायला शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते. मान वर न करता ते म्हणाले, “चुकतंय असं कोण म्हणालं?”

“बाकीचे सगळे एकेकटे उडून आले. मी अजून तुम्हाला मागच्या सीटवर घेऊन हिंडतेय.”

“जड झालो का?”

ऋजुता हसली नाही. ती इंजिनिअर होती, क्लबाच्या लेखी परीक्षेत पहिली आली होती, आणि या दोन्ही गोष्टी ती कुणाला विसरू देत नसे.

“आज मला एकटीला सोडा. नाहीतर उद्यापासून मी येत नाही.”

बोलून गेली खरी, पण लगेच पस्तावली. उडण्याइतकं तिला दुसरं काही प्रिय नव्हतं.

सरांनी टरफलं झटकली. “ग्लायडर डावीकडे कसं कलतं, सांग.”

हे तर तिचं तोंडपाठ. “पुढ्यातला दांडा, म्हणजे स्टिक, डावीकडे नेली की डाव्या पंखाच्या मागच्या कडेची फळी वर उठते. तिथे हवेची उचल कमी होते, पंख खाली जातो. त्याच वेळी उजव्या पंखाची फळी खाली वळते, उचल वाढते, तो पंख वर जातो.”

“आणि मग?”

“मग ते वळायला लागतं.”

“आणि हात?”

“हात... स्टिकवर.”

“चल,” म्हणत सर उठले.

जमिनीवरच्या विंचने भराभर दोर गुंडाळत ग्लायडर वर खेचलं. दोर सुटला आणि वाऱ्याची सळसळ तेवढी उरली. पुढे ऋजुता, मागे सर; दोघांपुढे एकमेकींना जोडलेली एकेक स्टिक.

“डावीकडे वळ.”

तिने स्टिक डावीकडे नेली. क्षितिज तिरकं झालं. इतकी वर्षं गाडी चालवलेली; वळण संपेपर्यंत स्टिअरिंग धरून ठेवायची सवय हातात मुरलेली. तिने स्टिक तशीच दाबून धरली. कल वाढला... आणखी वाढला. घाबरून तिने स्टिक उजवीकडे ओढली. पंख डुचमळले. पुन्हा डावीकडे...



“सर, हे एका कलात राहतच नाही!”

“तू राहू देतेस का?”

तिने कसेबसे पंख सपाट केले.

“कलव,” सर म्हणाले. “आणि हात मध्यावर आण.”

“मग ते सरळ नाही का होणार?”

“आण तर खरं.”

तिने जीव मुठीत धरून स्टिक मध्यावर आणली. दोन्ही फळ्या पंखांच्या बरोबरीला आल्या.

ग्लायडर तिरकंच राहिलं. तसंच, निवांत, वळत राहिलं. खाली तळं, मग शाळेची कौलं, मग चरणाऱ्या म्हशी, मग पुन्हा तळं.

“सर... तुम्ही धरलंय का?”

समोरच्या काचेत तिला सरांचं अंधूक प्रतिबिंब दिसलं. त्यांनी दोन्ही हात वर केले होते.

ऋजुताला एकाएकी इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “आता सरळ व्हायचं तर?”

“थोडं उजवीकडे. सरळ झालं की पुन्हा मध्यावर.”

तिने तसं केलं. पंख सावकाश सपाट झाले. मग उजवीकडे एक वळण, मग डावीकडे एक. काहीही डुचमळलं नाही.

ग्लायडर उतरून निघाल्या जागीच गवतावर थांबलं. आता सर चुका सांगतील म्हणून ती पट्टे न सोडता बसून राहिली.

सर खाली उतरले. मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी आवळून बांधले, सुटून स्टिकमध्ये अडकू नयेत म्हणून. मग विंचवाल्याला हात केला.

ऋजुताने चटकन मान मागे वळवली.

“सर, तुम्ही कुठे निघालात?”

“सावलीत. शेंगा राहिल्यात.”

“सर, अजून एकदा... एकदाच मागे बसा ना. आत्ता कुठे जमायला लागलंय.”

सरांनी तिची टोपी गवतातून उचलली, झटकली, तिच्या डोक्यावर ठेवली आणि वरची काच ओढून घेता घेता म्हणाले,

“वळायला लागलीस ना? मग आता मी स्टिक कशाला दाबून धरू?”