पेव उघडायचं तर

एकदा एक गृहस्थ शहरातलं चांगलं चाललेलं बिऱ्हाड मोडून, बायकोला घेऊन एका आडगावी राहायला आला. त्याचं नाव विश्वंभर. कापडाच्या पेढीवर कारकून होता, पगार वेळेवर होत होता, आणि तरी हा सगळं सोडून नांगर धरायला निघाला, म्हणून नातलगांनी त्याला वेड्यात काढलं. गावकऱ्यांनीही काढलं. फरक इतकाच, की गावकऱ्यांनी तोंडावर काढलं.

त्या गावी एक वृद्ध राहत असत. सारं गाव त्यांना आबा म्हणे. बियाणं कोणतं ठेवावं, विहिरीला पाणी कुठे लागेल, कोणता ढग पोकळ आणि कोणता भरलेला, असली कोडी घेऊन माणसं त्यांच्या ओसरीवर येत. विश्वंभर त्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आबा, मला शिकवा. मीठ आणि लोखंड सोडलं तर कुणाकडूनही काही आणावं लागू नये, असं जगायचं आहे मला."

आबांनी विचारलं, "का रे बाबा?"

विश्वंभराने सांगितलं. शहरात पूर आला होता. बाजार बुडाला, रस्ते बुडाले, घरातला डबा रिकामा झाला आणि आई तापाने फणफणलेली. तिला दोन घोट गरम पेज हवी होती. विश्वंभर कमरेएवढ्या पाण्यातून धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेला. त्याच व्यापाऱ्याकडून तो दर महिन्याला किराणा भरत असे. हातात पैसे होते. दार वाजवलं, हाका मारल्या. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "आमचंच भागत नाही. पुढे व्हा."

"भिकाऱ्याला म्हणतात ना, तसं," विश्वंभर म्हणाला. "आई त्या पुरातून वाचली, पुढे वर्षभराने गेली. पण त्या दिवशी मी ठरवलं, की पुन्हा या जन्मात कुणाच्या दारात उभं राहून काही मागायचं नाही. कुणाकडेच नाही."

हसू नका त्याला. पोटाची भूक माणूस विसरतो, अपमान मात्र लोणच्यासारखा मुरत जातो. तुमच्याआमच्या घरीही अशी एखादी बरणी असतेच.

आबा हसले नाहीत. "कारण खरं आहे," एवढंच म्हणाले आणि शिकवू लागले. पुढची तीन वर्षं विश्वंभर गुरासारखा राबला. बी राखायला शिकला, दोर वळायला शिकला, गाईचं बाळंतपण करायला शिकला. त्याची बायको वत्सला तेल गाळू लागली, घोंगडीसाठी लोकर कातू लागली. गाव मात्र त्याला अजूनही 'पाव्हणं' म्हणत असे, कारण तो कुणाच्या कामाला जात नसे आणि कुणाला कामाला बोलावत नसे. समोरच्या घरी सटवाजी राहत होता. त्याने एकदा मळणीला हात लावू का म्हणून विचारलं, तर विश्वंभर म्हणाला, "नको, होईल माझं मी." सटवाजीने मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही.

या भागात ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा-भुसा लावायचा, धान्य भरायचं, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. विश्वंभराला ही युक्ती इतकी आवडली, की तिच्यापुढे त्याला बाकी सगळी विद्या फिकी वाटू लागली.

पण आबांचं स्वतःचं पेव उघडायची वेळ आली, तेव्हा त्याने जे पाहिलं ते त्याला मुळीच पटलं नाही. आबांनी सकाळी दगड सरकवला आणि अंगणात उभं राहून पितळी परात बडवली. आळीतली झाडून सारी माणसं गोळा झाली. पेवातून निघालेला तो उग्र, आंबूस वास वेशीपर्यंत गेला. आबा दुपार कलेपर्यंत कुणालाही आत उतरू देईनात. मग दोराला दिवा बांधून आत सोडला. दिवा तेवत राहिला, तेव्हा त्यांनी आपल्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक कुणाच्या हातात द्यावं? सटवाजीच्या! ज्याच्याशी बांधावरून त्यांचा सहा वर्षं अबोला होता, त्या सटवाजीच्या. सटवाजीनेही शब्द न बोलता दोर हाताला गुंडाळून घेतला.

संध्याकाळी विश्वंभराला राहवेना. "आबा, धान्य कुठे आहे आणि किती आहे हे साऱ्या गावाला दाखवलंत. वर जीव दिलात तो वैऱ्याच्या हाती. ही कसली सावधगिरी?"

"तुझं पेव उघडशील तेव्हा विचार," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

विश्वंभराला हे टाळाटाळीचं उत्तर वाटलं. त्याने मनाशी ठरवलं, की म्हाताऱ्याचं वय झालं. मग त्याने आपलं पेव खणलं ते गोठ्यात, गव्हाणीच्या मागे. माती टोपल्याटोपल्याने शेतात नेऊन पसरली. भरल्यावर वर कडबा रचला. वत्सलेला बजावलं, "हे दोघांतच राहील. काही झालं तरी बाहेर अवाक्षर नाही."

त्यानंतर दोन वर्षं पावसाने डोळे वटारले. दुसऱ्या वर्षी तर पेरलेलं उगवलंच नाही. गावातली पेवं एकेक करून उघडली आणि रिकामी झाली. आबांचंही झालं. लोक अंबाडीची भाजी उकडून खाऊ लागले. अशा दिवसांत एका सकाळी सटवाजी विश्वंभराच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पाव्हणं, दोन पायल्या जोंधळा असला तर बगा. सुगीला परत करीन. सूनबाई बाळंतीण हाय, अंगावर दूद न्हाई तिच्या."

विश्वंभराच्या डोळ्यांपुढे गोठ्यातलं पेव उभं राहिलं. आज दोन पायल्या दिल्या तर उद्या सारी आळी येईल. मग आपलं काय? आपण तर ठरवलं होतं...

"आमचंच भागत नाही हो," तो म्हणाला.

सटवाजी गेला. विश्वंभर वळला तर मागे वत्सला उभी. तिचा चेहरा पाहून आपण काय बोललो ते त्याला कळलं. अक्षरन् अक्षर तेच. त्याला स्वतःची शिसारी आली. आणि गंमत पाहा, शिसारी आली म्हणून माणूस सटवाजीच्या मागे धावला का? नाही. तो ओसरीवर डोकं धरून बसला आणि स्वतःला कारणं सांगू लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच्या स्वतःच्या कणगीचा तळ लागला. पेव उघडणं भाग होतं. गोठ्याचं दार आतून लावून त्याने कडबा बाजूला केला, लिंपण फोडलं, दगड सरकवला. भपकन वास आला. आबांनी दुपार कलेपर्यंत पेव उघडं ठेवलं होतं हे त्याला पक्कं आठवत होतं. पण उघडं ठेवलं तर वास पसरणार, सटवाजीचं घर तर पंचवीस पावलांवर. नको. झटकन उतरावं, चार टोपल्या काढाव्यात आणि लगेच बंद करावं.

"अहो, दिवा तरी सोडून बघा," वत्सला म्हणाली.

"वेळ नाही. तू टोपलीचा दोर धर."

तो शिडीवरून उतरला. "सोड टोपली," असा आवाज आला. तिने टोपली सोडली. मग आतून काहीतरी सरकल्यासारखं वाजलं.

"अहो?"

उत्तर नाही.

"अहो! ऐकताय ना?"

वत्सला पेवावर ओणवली तशी तिचंच डोकं गरगरलं. ती मागे सरली. आतल्या अंधारात ज्वारीच्या ढिगावर नवरा पालथा पडलेला तिला अंधुक दिसला. काही झालं तरी बाहेर अवाक्षर नाही, असं तो म्हणाला होता. क्षणभर, खरंच सांगतो, क्षणभर ती माउली त्या आज्ञेत अडकली. मग तिने दाराची कडी काढली, चुलीजवळची परात उचलली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून पळीने ती बडवू लागली.

सर्वांत आधी सटवाजी आला. गोठ्यात शिरला, वास घेतला, पेव पाहिलं. दोन पायल्यांना नाही म्हणणाऱ्याच्या गोठ्यात ज्वारीचं भलं मोठं पेव! त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. पण त्याने डोक्याचं मुंडासं फेकलं आणि पाय आत टाकला.

"थांब!" काठी टेकत आबा दारात पोचले होते. त्यांनी पुढे होऊन सटवाजीची बंडी मागून धरली आणि त्याला अक्षरशः मागे ओढलं. आठ वर्षांत ते त्याच्याशी बोललेले पहिले शब्द होते ते. "एक आत पडलाय. तू गेलास तर दोन पडतील."

"मग काय मरू द्यायचं का त्याला?" सटवाजी ओरडला.

"घोंगडी आण! दोर बांध तिला!"

वत्सलेला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. नवरा आत मरतोय आणि हा घोंगडी मागतोय! ती आबांच्या अंगावर धावली, "अहो, उतरा ना कुणीतरी! पाया पडते तुमच्या!" आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घोंगडी पेवात सोडून दोघे जण ती विहिरीच्या पोहऱ्यासारखी वरखाली, वरखाली हापसू लागले, म्हणजे आतली कोंदलेली विषारी हवा बाहेर पडावी. बाकीच्यांनी वारा आत यावा म्हणून गोठ्याच्या कुडाच्या भिंती उचकटून काढल्या. आबांनी दिवा सोडला. विझला. पुन्हा घोंगडी. पुन्हा दिवा. ज्योत बारीक झाली, थरथरली आणि विझली. वत्सला जमिनीवर बसली. पुन्हा घोंगडी, आणखी जोरात. तिसऱ्यांदा दिवा आत गेला, ज्योत लवली आणि सरळ झाली.

"आता," आबा म्हणाले. त्यांनी स्वतः सटवाजीच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. मागे चार जणांनी धरलं. सटवाजी आत गेला, विश्वंभराच्या काखेत हात घालून त्याने हाक दिली, आणि दोघे वर आले.

विश्वंभराचे ओठ काळेनिळे पडले होते. अंगणात उताणा टाकून आबांनी त्याची छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याने एक घरघरता श्वास घेतला, मग दुसरा, आणि वत्सला मोठ्याने रडू लागली. सटवाजीने मुंडासं उचललं, झटकलं आणि कुणाकडे न पाहता घरी निघून गेला.

संध्याकाळी विश्वंभर खाटेवर उठून बसला, तेव्हा आबा शेजारी होते. विश्वंभराला त्यांच्याकडे पाहवेना.

आबा म्हणाले, "तू मला विचारलं होतंस, त्याचं उत्तर आता देतो. पेव भरायला माणूस एकटा पुरतो. उघडायला एकटा पुरत नाही. वर कुणीतरी लागतंच. मित्राच्या हाती दोर कुणीही देईल. मी मुद्दाम सटवाजीच्या हाती देतो. वर्षातून एकदा माझा जीव त्याच्या मुठीत असतो आणि तो मला वर ओढून घेतो. म्हणून आमचं भांडण बांधावरच राहतं, घरापर्यंत येत नाही. आणि हे बघ, तुझं कारण खोटं नव्हतं. माणसाने साठवावं, शिकावं, आपल्या पायावर उभं राहावं. मीही भीतीपोटीच पेव भरतो. पण तू दुष्काळासाठी भरत नव्हतास, पोरा. तू त्या व्यापाऱ्याला उत्तर देण्यासाठी भरत होतास. तो तर इथे नव्हता. इथे सटवाजी होता."

विश्वंभर रडला. आबांनी त्याला रडू दिलं.

सकाळी तो बियाण्यासाठी राखलेल्या ज्वारीचं एक पोतं खांद्यावर घेऊन, धापा टाकत समोरच्या घरी गेला. आतून तान्ह्या पोराचं किरकिरणं ऐकू येत होतं. सटवाजी ओसरीवर बसला होता.

"सटवाजीदादा, हे घ्या."

सटवाजीने पोत्याकडे पाहिलं. "परवा मागितलं तवा न्हाई म्हनलात. आज जीव वाचला म्हून देताय. लाजंचं धान्य माज्या घरात न्हाई शिजायचं. न्या मागारी."

आत पोर रडत होतं. भुकेलं घर समोर, धान्य खांद्यावर, आणि मध्ये हा माणूस ताठ मानेने बसलेला. विश्वंभराला वाटलं, पोतं तिथेच टाकून निघून जावं. टाकून गेलो, तर हा ते उंबऱ्याबाहेर ठेवील आणि आत नेणार नाही, हेही त्याला कळत होतं. बोलायचे तीनच शब्द होते, पण ते बाहेर काढणं त्याला पेवातून वर येण्यापेक्षा जड गेलं.

"दादा, मदत कराल का?" तो म्हणाला. "पेव अजून भरलेलं आहे. उघडं पडलंय, आज काढलं नाही तर सगळं सडेल. माझ्या अंगात उतरायचं बळ नाही. एकट्याने होणारच नाही माझ्याच्याने."

पेव काढायला जो हात लावतो त्याला त्यातला वाटा मिळतो, हा त्या गावचा जुना रिवाज. त्याला दान कुणी म्हणत नाही आणि तो घेताना कुणाची मान खाली जात नाही.

सटवाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, खुंटीवरचा दोर काढला आणि आत तोंड करून म्हणाला, "सूनबाई, चूल पेटव गं. आलोच."

दोघे रस्ता ओलांडून निघाले. अर्ध्या वाटेत सटवाजीने विश्वंभराच्या खांद्यावरचं पोतं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि विश्वंभराने ते घेऊ दिलं.