टुणकीचा ठिपका गेला कुठे?

तळ्याकाठी राहायची टुणकी बेडकी. एवढीशी. चिंचोक्याएवढी. चालायची कशी? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

तळ्याशेजारी रेवतीताईचं घर. टुणकीने उडी मारली, की रेवतीताई संगणकावर ठिपका काढायची. छोटी उडी, खाली ठिपका. मोठी उडी, वर ठिपका.

संगणकात होता एक प्रोग्राम. ठिपक्यांचं चित्र तोच काढायचा. खूप जणांनी मिळून बनवला होता. ज्याला हवा त्याने वापरावा. ज्याला जमेल त्याने सुधारावा.

काल टुणकीने उडी मारली. अकरा बोटं उंच! तळ्यात एवढी उंच उडी कुणीच मारली नव्हती. ठिपका सगळ्यांच्या वर. टुणकी खिडकीत बसून बघतच राहिली.

आज सकाळी प्रोग्राम नवा आला. टुणकी खिडकीत आली. बघते तर काय, खालचे ठिपके होते. वरचा ठिपका नव्हता.

टुणकीला रडू आलं. मग तिला प्रश्न पडला. ठिपका जातो कुठे?

"रेवतीताई, रेवतीताई, माझा ठिपका काढ ना."

रेवतीताईने बटणं दाबली. टक टक टक. ठिपका काही येईना. रेवतीताई म्हणाली, "हणमंतदादा प्रोग्राम सुधारेल, तर मी ठिपका काढेन."

टुणकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पेरूच्या झाडामागे हणमंतदादाचं घर. हणमंतदादा पोहे खात होता.

"हणमंतदादा, हणमंतदादा, प्रोग्राम सुधार ना.
रेवतीताई ठिपका काढेना,
माझा ठिपका दिसेना."

हणमंतदादाने घास गिळला. काय बदललंय तेच त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "नसीमआपा बदल सांगेल, तर मी प्रोग्राम सुधारेन."

टुणकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

विहिरीपलीकडे नसीमआपाचं घर. तिच्याकडे लाल वही. प्रोग्राममध्ये काही बदललं, की नसीमआपा वहीत लिहायची.

"नसीमआपा, नसीमआपा, बदल सांग ना.
हणमंतदादा प्रोग्राम सुधारेना,
रेवतीताई ठिपका काढेना,
माझा ठिपका दिसेना."

नसीमआपाने वही उघडली. बदल होते शंभर. त्यातला कुठला सांगू, असं तिला झालं. ती म्हणाली, "गोदूमावशी बिघाड शोधेल, तर मी बदल सांगेन."

टुणकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

वळणावर गोदूमावशीचं घर. गोदूमावशीच्या नाकावर एक चष्मा, डोक्यावर एक चष्मा.

"गोदूमावशी, गोदूमावशी, बिघाड शोध ना.
नसीमआपा बदल सांगेना,
हणमंतदादा प्रोग्राम सुधारेना,
रेवतीताई ठिपका काढेना,
माझा ठिपका दिसेना."

गोदूमावशीला वाटलं, एकदा झालं ते पुन्हा होतं का, ते आधी बघावं. त्याला नवी उडी हवी. ती म्हणाली, "कासवआजोबा नवं माप देतील, तर मी बिघाड शोधेन."

टुणकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पार तळ्यापर्यंत.

तळ्याकाठी कासवआजोबा बसले होते. शेजारी काठी. काठीवर बोटाबोटाच्या खुणा.

"कासवआजोबा, कासवआजोबा, नवं माप द्या ना.
गोदूमावशी बिघाड शोधेना,
नसीमआपा बदल सांगेना,
हणमंतदादा प्रोग्राम सुधारेना,
रेवतीताई ठिपका काढेना,
माझा ठिपका दिसेना."

कासवआजोबांनी हळूच मान बाहेर काढली. हळूच म्हणाले, "तू पुन्हा उडी मारशील, तर मी माप देईन."

टुणकीने काठीकडे बघितलं. ती दमली होती. पाय दुखत होते. अकरा बोटं पुन्हा जमतील का, कोण जाणे.

तिने उडी मारली. टुणुक.

नऊ बोटं.

टुणकीने डोळे मिटून घेतले. कासवआजोबा म्हणाले, नऊ तर नऊ, तेही मापच. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

टुणकीने डोळे उघडले. मोठा श्वास घेतला. पोट फुगलं. पाय ताणले.

टुण्णुक!

अकरा बोटं.

मग कासवआजोबांनी माप दिलं. नऊ आणि अकरा.

गोदूमावशीने दोन्ही मापं प्रोग्राममध्ये घालून पाहिली. नऊचा ठिपका आला, टिंग. अकराचा ठिपका येईना. तिने डोक्यावरचा चष्माही नाकावर घेतला. "टुणकी, बरं झालं तू नऊची उडी मारलीस. नऊ दिसतं. अकरा दिसत नाही. बिघाड वरच्या बाजूला आहे."

गोदूमावशीने बिघाड शोधला.

नसीमआपाने वही चाळली. फर फर फर. आता काय बघायचं ते कळलं होतं. एका पानावर तिने बोट ठेवलं. नव्या प्रोग्रामने चित्राचा कागद आखूड केला होता. फक्त दहा बोटांचा.

"मग माझा ठिपका?" टुणकीने विचारलं.

"तो हरवलाच नाही गं. कागद संपतो, त्याच्या वर आहे तो."

नसीमआपाने बदल सांगितला.

हणमंतदादाने हात पुसले. कागद जेवढा लागेल तेवढा वाढेल, असं केलं. खट. खट. खट.

हणमंतदादाने प्रोग्राम सुधारला.

सुधारलेला प्रोग्राम रेवतीताईकडे आला. टक टक टक. कागद वर वर वाढला. सर्रर्रर्र.

रेवतीताईने ठिपका काढला. टिंग!

कालचा अकराचा ठिपका. तिथेच, सगळ्यांच्या वर. त्याच्या शेजारी आजचे दोन. एक नऊचा, एक अकराचा. टुणकीने तिन्ही मोजले. परत मोजले. आता मात्र ती हसली.

मग तिने ठिपक्यांच्या वर बघितलं. तिथे कागद मोकळा होता.

"रेवतीताई, इथे कोण राहतं?"

"अजून कुणीच नाही," रेवतीताई म्हणाली. "ती बाराची जागा."

टुणकीने त्या जागेकडे खूप वेळ बघितलं. मग ती खिडकीतून उतरली आणि तळ्याकडे निघाली.

टुणुक टुणुक.

टुणुक टुणुक.

टुण्णुक!