छत्र म्हणजे छप्पर नव्हे

एका रानात राजा सोडून सगळे प्राणी भिजत असत. राजा तरस होता. त्याला गुहा होती.

निवडणूक आली तेव्हा तरसाने टेकडीवर उभे राहून वचन दिले, "प्रत्येकाच्या डोक्यावर छत्र." हा शब्द रानात कोणी ऐकला नव्हता. पण डोक्यावर असते म्हणजे छप्परच असणार, असे सगळ्यांनी धरले आणि तरस भरघोस मतांनी निवडून आला. हरणांनीही त्यालाच मत दिले. हरणे नेहमीच कोणत्या तरी तरसाला मत देतात.

मग राजाने सभागृह बांधायला काढले. त्यासाठी टेकडीचा दगड फोडला, त्यात गोंदाजी साळिंदराच्या बिळाचे होते तेवढे गळके छप्परही गेले. त्याची बायको ठकूबाई छातीच्या दुखण्याने आजारी होती. पाणी थेट तिच्या अंगावर पडे. गोंदाजी काटे पसरून तिच्यावर उभा राही, पण काट्यांतून पाणी गळते.

ठकूबाई म्हणाली, "अहो, उभं राहून काय होणार? ते छत्र देणार होते ना, मागून आणा की. मत काय फुकट दिलंत?"

गोंदाजी दरबारात गेला. तिथे बगळेशास्त्री भाषाखाते सांभाळत एका पायावर उभे होते. ते म्हणाले, छत्र वेगळे आणि छप्पर वेगळे. छत्र राजाच्या डोक्यावर धरतात.

"आता सांग, राजा तुझ्या डोक्यावर आहे की नाही?"

"आहे."

"मग छत्र तुझ्याही डोक्यावर आलं. जरा उंचावर आहे, एवढंच."

"शास्त्रीबुवा, शब्द तुमच्याकडेच ठेवा. मला शाकारायला थोडं गवत द्या."

शास्त्रीबुवांनी सांगितले की गवत आहे, पण सध्या त्यावर महाराज झोपले आहेत.

ही बातमी विरोधी पक्षाच्या लांडग्याने उचलली. छत्र नको, छप्परच हवे, असे म्हणत त्याने मोर्चा काढला. रानात छत्रवादी आणि छप्परवादी असे दोन तट पडले आणि चिखलात मारामाऱ्या झाल्या. एक ससा म्हणाला की आपण दोघेही भिजतोय. त्याला दोन्ही बाजूंनी चोपले.

शेवटी शब्दाचे मूळ शोधायला समिती नेमली. बाहेर पाऊस असल्यामुळे ती सभागृहात बसली. बऱ्याच जेवणांनंतर तिने सांगितले की मूळ धातू छद्, म्हणजे झाकणे. छत्र त्यातूनच आले. छद्म, म्हणजे कपट, तेही त्यातूनच आले. अहवालाचा हा दुसरा भाग झाकण्यात आला.

झाकणे हेच आता सरकारी धोरण ठरले. शेजारच्या रानाचा राजा पाहुणा येणार होता, म्हणून वाटेवरच्या उघड्या बिळांसमोर हिरवे कापड उभे ताणले. गोंदाजीने पहाऱ्यावरच्या मुंगसाला विनवले, तेवढे कापड आमच्या बिळावर आडवे टाका, आत आजारी माणूस आहे.

मुंगूस म्हणाला, "दादा, आडवं टाकलं तर तुम्ही दिसाल."

पाहुणा जेवून गेला. त्याच पावसात ठकूबाई गेली. गोंदाजीने तिच्यावर माती लोटली. दुसरे काही नव्हतेच.

राजा सांत्वनाला आला, मागे सगळा दरबार. तो मातीच्या ढिगावर चढला आणि म्हणाला, "ठकूबाईंना छप्पर मिळालं. पक्कं. कधीही न पडणारं." टाळ्या झाल्या. छप्परवादीही वाजवत होते, कारण महाराजांच्या तोंडून अखेर छप्पर हा शब्द आला होता.

गोंदाजी म्हणाला, "महाराज, जरा खाली उतरा. तुम्ही तिच्या छातीवर उभे आहात."

बगळेशास्त्रींनी त्याला दुःखात भान राहत नाही असे सांगून बाजूला नेले.

पुढच्या निवडणुकीत राजाने प्रत्येकाला तसेच पक्के छप्पर देण्याचे वचन दिले. हे वचन मात्र तो पाळतो आहे.