मार्तंड कासाराचा हात

“...मग दोष हातातच असणार ना, बुवा? दुसरं काय असेल?”

मार्तंड कासाराने दोन्ही पंजे नागेशबुवांपुढे धरले.

पंचक्रोशीत त्याच्यासारखा बांगड्या भरणारा नव्हता, आणि हे लोकांना त्यानेच सांगून ठेवलं होतं. पण वर्षभर त्याच्या हातून बांगड्या तडकत होत्या. बायकांची मनगटं रक्ताळत. शेवटी त्याने दुकानाला कुलूप लावलं. वैद्य झाले, डॉक्टर झाले. हातात काही खोट नाही, असंच सगळे सांगत.

बुवा टेकडीवरच्या मठात एकटेच राहत. त्यांनी ते पंजे धड पाहिलेही नाहीत. घट्ट हातात बांगडी कशी चढवतोस, एवढंच विचारलं.

मार्तंडाची कळी खुलली. नुसता हात दाबून भागत नाही, त्याने सांगितलं. बाईला माहेरचं विचारायचं. आई कशी आहे, भाऊ काय करतो, माहेरी कधी जाणार. ती बोलायला लागली की हात आपोआप सैल पडतो, बांगडी कधी चढली ते तिला कळतही नाही. ही त्याच्या वडिलांपासूनची रीत.

“अजून विचारतोस?”

“...नाही.”

“का?”

मार्तंड उठलाच. आपण हाताचं औषध मागायला आलोय, मनाला काही झालेलं नाही, असं त्याने चढ्या आवाजात सुनावलं. सुतक फिटलं त्याच दिवशी तो दुकानात बसला होता. रडत बसणाऱ्यातला तो नव्हे.

“कुणाचं सुतक?”

“...लेकीचं.” तो पुन्हा खाली बसला.

बुवांनी त्याच्या खांद्याला सवयीने अडकवलेल्या बांगड्यांच्या पिशवीतून सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी बांगडी काढली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“गड्याला बांगड्या भरता, बुवा?” मार्तंड हसला. हात मात्र लाकडासारखा ताठ होता.

“लेक कुठे दिली होतीस?”

“...पलीकडच्या तालुक्यात. शेवंता नाव तिचं.”

“माहेरी कधी येणार होती?”

मार्तंड बोलायला लागला. मग बोलतच राहिला. पहिल्या बाळंतपणाला ती येणार होती. न्यायला या, असा तिचा निरोप आला तेव्हा जत्रेचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जत्रा उरकली की येतो, असं त्याने कळवलं. जत्रा उरकली. ती तिकडेच गेली, पोटातल्या जिवासकट.

“अजून संध्याकाळची एसटी थांबली की बाहेर येऊन बघतो, बुवा. कोण उतरलं ते...” त्याने तोंड फिरवलं. “दुसऱ्यांच्या लेकींना कुठल्या तोंडानं विचारू, माहेरी कधी जाणार म्हणून?”

मार्तंड रडला. तिची फार आठवण येते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वर्षभरात हे त्याने कुणाजवळ काढलं नव्हतं, बायकोजवळसुद्धा नाही.

डोळे पुसायला त्याने हात उचलला, तेव्हा बांगडी मनगटात होती.

तो बघतच राहिला. मग ओशाळून ती काढायला गेला.

बुवांनी पिशवीतून दुसरी काढली.

“तो हात दे. लहानपणी कशी होती ती?”