पाच पाकळ्यांची खाच

कुसुरगडच्या राजांचा घडीचा चाकू उघडेना. चूक राजांचीच होती. फणस चिरण्याआधी पात्याला तेल लावायचं, हे गडावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजांनी कोरड्या पात्यानं फणस चिरला आणि चिकासकट चाकू मिटून कमरेला खोचला. सकाळपर्यंत त्याचा दगड झाला.

खोलून साफ करावा, तर बिजागरीवर मळसूत्री खिळा. त्याच्या डोक्यात पाच पाकळ्यांची खाच, आणि तिची किल्ली एकट्या रत्नोजीकडे. चाकू त्यानंच घडवला होता. रत्नोजीचं कसब बेताचं, मिजास मात्र फार. किल्ली घेऊन तो आला, पण ती कमरेलाच ठेवली. आधी फर्मान काढा, म्हणाला, की गडावरच्या एकाही पात्याला माझ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही.

राजे हट्टाला पेटले. दिवस मावळायच्या आत दुसऱ्या कुणी चाकू खोलला, तर फर्मान निघणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. अट मात्र अशी घातली, की खिळ्याला लोखंड लावायचं नाही आणि ओरखडा उठता कामा नये.

दरबारात शहाण्यांना तोटा नव्हता. दिवाणजींनी हस्तिदंती कानकोरणं घालून पाहिलं, ते मोडलं. सेनापतींनी दात लावला. दात हलला, खिळा नाही.

फर्मान निघालं असतं, तर धुरपा शिकलगारणीचं धार लावायचं चाक कायमचं थांबलं असतं. ती दरबारात आली आणि चाकू पाहायला मागितला.

रत्नोजी हसला. "विळ्याकोयत्यांवर पोट भरणारी बाई तू. तुला काय कळणार यातलं?"

"थोडंच कळतं, दादा. पण चाकू चांगला असता, तर तुम्हाला किल्लीवर पोट भरावं लागलं नसतं."

शिकलगार पात्याला मूठ बसवायला लाख वापरतात. धुरपानं लाखेची कांडी काढली, निखाऱ्यावर टोक मऊ केलं आणि खाचेत दाबून उभी धरली. रत्नोजीनं विचारलं, आता चाकूला बांगड्या भरणार का. धुरपानं वर गार पाणी सोडलं आणि लाख टणक होईपर्यंत थांबली. मग कांडी दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवली. लाखेच्या उष्णतेनं खालचा चीकही सैल झाला होता. खिळा फिरला.

तिनं पातं काढलं, खोबरेल लावून पुसलं आणि कांडी टिचकीसरशी सुटी केली. खिळ्यावर ओरखडा नव्हता.

रत्नोजी मात्र ओरडला, "चोरी! माझ्या किल्लीचा आकार हिच्या लाखेवर उठलाय. हिला कैद करा!"

राजांनी धुरपाकडे पाहिलं. उत्तर दे, म्हणाले.

"महाराज, यांची किल्ली यांच्या कमरेला आहे. तिला मी शिवलेही नाही. पण तिचा साचा यांनीच प्रत्येक चाकूच्या खिळ्याच्या डोक्यावर कोरला आणि गावभर विकला. गुपित एवढं जपायचं होतं, तर ते कपाळावर कशाला मिरवलं?"

राजे इतके हसले, की दिवाणजींना पाणी आणवावं लागलं. मग त्यांनी हुकूम दिला: रत्नोजीनं यापुढे प्रत्येक चाकूसोबत किल्ली द्यायची. शस्त्रागारातली सगळी पाती धारेला धुरपाकडे जातील, आणि पहिला भारा रत्नोजी स्वतः डोक्यावरून पोचवेल.