कॅमेऱ्याचा अबोला

एकदा एका शिष्याच्या कॅमेऱ्याने त्याच्या गुरूंची लेन्स ओळखायला साफ नकार दिला, आणि तोही कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी, भर समारंभात.

या शेठजींच्या लग्नाला त्या दिवशी तीस वर्षे पूर्ण होत होती. लग्नातले छायाचित्र गुरूंनी ज्या लेन्सने काढले होते, तिनेच आजचेही निघावे, असा त्यांचा हट्ट होता. "त्या लेन्समध्ये मी देखणा दिसलो होतो," ते म्हणत, "पुढे कशातच दिसलो नाही." गुरू आता निवृत्त झाले होते, लेन्स त्यांनी शिष्याला देऊन टाकली होती आणि आज ते नुसते पाहुणे म्हणून आले होते. शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम. ते जमले तर शेठजींच्या मुलीच्या लग्नाचे कामही त्याचे, नाहीतर ते गावातल्या दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार, हे त्याला आधीच बजावण्यात आले होते.

लेन्स गुणी होती, पण कॅमेऱ्याच्या कंपनीची नव्हती. कुठल्याशा तिऱ्हाईत कंपनीने ती रिळाच्या कॅमेऱ्यांच्या काळात बनवली होती. शिष्याचा कॅमेरा डिजिटल, कोरा करकरीत. घरून निघताना त्याने लेन्स त्यावर बसवून पाहिली, ती चपखल बसली, आणि तो निश्चिंत झाला. बटण काही त्याने दाबून पाहिले नाही. लग्ने जमवतानाही पुष्कळ जण एवढेच पाहतात. आता समारंभात बटण दाबताच कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरे उमटली: 'लेन्सशी संपर्क होत नाही.' शिष्याने लेन्स काढली, पुसली, पुन्हा बसवली. कॅमेरा ढिम्म.

समोर दोन खुर्च्यांवर नवरा-बायको बसले होते, आणि तिथेही संपर्क होत नव्हता. शेठजींनी लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बायकोला दुकानात न खपलेली साडी दिली होती. ती साडी बाईंनी काचेच्या कपाटात इतके दिवस पाहिली होती, की तिच्या घड्याही त्यांना पाठ होत्या. तेव्हापासून अबोला. अबोल्यातल्या माणसांना निरोप्या लागतोच; तो मान शिष्याला मिळाला.

"सांग त्यांना, पोट आत घ्या म्हणावं," बाई म्हणाल्या.

"शेठजी, काकू म्हणतात पोट आत घ्या," शिष्याने इमानाने सांगितले.

"सांग तिला, हे तिच्याच स्वयंपाकाचं पोट आहे."

"काकू, शेठजी म्हणतात..."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली खुर्ची हातभर मागे घेतली.

शिष्य तडक गुरूंकडे गेला. गुरू कोपऱ्यात जिलबी खात होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हात धुतले आणि दिव्यांच्या माळा लावायला आलेल्या वायरमनकडून काळी चिकटपट्टी मागून घेतली. मग लेन्स काढून तिच्या बुडाशी कॅमेऱ्याशी संपर्काच्या ज्या बारीक सोनेरी टिकल्या असतात, त्यांच्यावर ती पट्टी चिकटवून टाकली. लेन्स पुन्हा बसवली, आणि कॅमेऱ्याच्या मेनूत शोधून 'लेन्स नसतानाही छायाचित्र काढावे' अशी परवानगी देऊन टाकली. शिष्य बघतच राहिला. लेन्स जोडायची आणि कॅमेऱ्याला सांगायचे की ती नाहीच, हा कुठला न्याय? त्याने भीत भीत बटण दाबले. कॅमेरा निमूटपणे चालला.

"गुरुजी, हे काय केलंत?"

"अबोला धरायला लावला," गुरू म्हणाले. "ही दोघं बोलत होती म्हणूनच अडलं होतं. तो नव्या बोलीत विचारतो, ही जुन्या बोलीत उत्तर देते, आणि त्याला वाटतं, आपला अपमान झाला. उजेड आत यायला बोलावं लागत नाही रे. पण अबोला फुकट पडत नाही. ती दोघं आपसांत जे ठरवत होती, ते आता मधल्या माणसाने करायचं. फोकस तुझ्या हाताने लाव. लेन्समधली उजेड कमी-जास्त करणारी झडप आता सताड उघडीच राहणार, म्हणून एकाच अंतरावरचं तेवढं स्पष्ट येईल. एक पुढे, एक मागे बसलं, तर कुणीतरी धूसर होणारच. नीट बघ, आणि मगच दाब."

एवढे बोलून ते पुन्हा जिलबीकडे वळले.

शिष्य जागेवर आला. "शेठजी, काकू मागे आहेत. असं बसलात तर तुम्ही एकटेच स्पष्ट याल."

"चालेल," शेठजी म्हणाले.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "एकटं राहायची एवढी हौस आहे, तर दुकानातच झोपत जा."

शिष्याने तोंड उघडले आणि तो थांबला. लेन्सचे कडे त्याच्या बोटांत होते. ते त्याने सावकाश फिरवले. बाईंचा धूसर चेहरा हळूहळू स्वच्छ झाला. त्या रागावलेल्या कमी आणि दुखावलेल्या जास्त होत्या. इतका वेळ आपण निरोप जसेच्या तसे पोचवण्यात धन्यता मानत होतो, याची त्याला लाज वाटली.

"शेठजी," तो म्हणाला, "काकू म्हणतात, एकटे नका बसू. त्यांच्या शेजारी या."

शेठजींनी मूळ वाक्य ऐकले होतेच. मध्ये अंतर ते किती. तरी उत्तर त्यांनी शिष्याच्या वाक्याला दिले. उठून खुर्ची मागे ओढली, बाईंच्या खुर्चीला टेकवली आणि समोर बघत म्हणाले, "सांग तिला, उद्या दुकानात येऊन हवी ती साडी घे म्हणावं. नव्या मालातली."

शिष्य सांगणार, तोच बाई थेट नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या दुकानातली नको. समोरच्या दुकानातली घेईन."

शेठजी खदखदून हसले, आणि त्यांना हसताना पाहून बाईंनाही राहवले नाही. आता मधल्या माणसाची गरज उरली नाही, हे शिष्याला उमगले. त्याने उघडलेले तोंड मिटले आणि बटण दाबले.

दोघेही स्पष्ट आले.